कोट कप्तानाचा, बूट शिपायाचे

आत्याच्या घराचा नंबर गल्लीत कुणालाच धड सांगता आला नसता. टपालवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे त्याला 'कप्तानांचं घर' म्हणायचे. दार उघडलं की समोरच्या भिंतीवर कप्तान दिसायचेच: हातभर उंचीच्या काळ्या चौकटीत, कोरीव पाठीच्या खुर्चीशेजारी ताठ उभे, अंगात दोन रांगा बटणांचा लांब कोट, खांद्यांवर झालर, उजव्या हातात टोपी, डावा हात खुर्चीच्या पाठीमागे. हे आत्याचे वडील, अप्पा. त्यांना जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली होती, पण घरात कुणी आवाज चढवला की अजूनही आधी चौकटीकडे नजर जायची आणि मग आवाज खाली यायचा.

आत्या स्वतः काही कमी नव्हती. वय शहात्तर. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांची अक्षरं सुधारण्यात घालवलेली, त्यामुळे नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्या भावाचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा, बायकोमुलांसह वरच्या मजल्यावर राहायचा. त्याची मोटार शिकवण्याची शाळा होती. वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे त्याला एक सवय जडली होती. बोलणं भलत्या वळणावर चाललंय असं वाटलं की तो उजवा पाय जमिनीवर दाबायचा. घरातल्यांना आता ते दिसतही नसे.

यंदा शहराने एक चांगलं काम काढलं होतं. बागेतल्या जुन्या स्मारकावर लढाईत मेलेल्यांची नावं होती. जे परत आले, त्यांची कुठेच नव्हती. लढून जिवंत परत येणं ही जणू नोंद घेण्यासारखी गोष्टच नाही! तर आता स्मारक समितीने त्यांच्यासाठी नवा दगड बसवायचं ठरवलं. घरच्यांनी अर्ज करायचा, हुद्दा आणि पलटण लिहायची, पुरावा जोडायचा. मुदत शनिवारपर्यंत. त्यानंतर दगड पाथरवटाकडे जाणार आणि पाथरवट काही कुणासाठी थांबत नाही.

घोडं अडलं ते पुराव्यावर. त्या वर्षांची दफ्तरं लष्करी कचेरीच्या तळघरात होती, आणि त्या तळघरात कधीकाळी नळ फुटून दफ्तरांचा लगदा झाला होता. अप्पांनी स्वतः लढाईबद्दल जन्मभर ब्र काढला नव्हता. राहिला फोटो. आणि गणवेशाचा फोटो बघून समितीला चालेल असा दाखला देणारा माणूस शहरात एकच होता. त्याला लोक बटणशास्त्री म्हणायचे.

"दहा मिनिटांचं काम आहे," भाचा म्हणाला. त्याने बुधवारी सकाळी चौकट भिंतीवरून उतरवली, चादरीत गुंडाळली आणि काखोटीला मारली. "कप्तान असल्याचं शेंबडं पोरही सांगेल."

 आत्याने निघताना कपाट उघडलं, काहीतरी पर्समध्ये टाकलं आणि पर्सची कडी दोनदा दाबून बघितली.

बटणशास्त्रींनी लष्कराच्या कपड्यांच्या कोठारात चौतीस वर्षं काढली होती. सुरुवात घड्या घालण्यापासून, शेवट कोठारप्रमुख म्हणून. माणूस बुटका, चष्मा जाड, आणि बोटं अशी स्वच्छ की बघणाऱ्याला आपले हात पाठीमागे लपवावेसे वाटावेत. त्यांच्या खोलीची एक अख्खी भिंत उथळ खणांनी भरलेली होती. एकेका खणात बटणं, बिल्ले, फिती, बकलं, सगळं कापसावर मांडलेलं. खिडकीशी टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर भिंग. बाकी काही नाही. संगणक नव्हता, जाडजूड ग्रंथ नव्हते. ते सगळं त्या बुटक्या माणसाच्या डोक्यात होतं, आणि चार शहरांतले लोक त्या डोक्याकडे पणजोबा घेऊन यायचे.

"बसा," ते म्हणाले. "फोटो काढून खाली ठेवा. काच नको, चौकट नको."

भाच्याने खिळे उपसले. आत्याने सुरुवात केली, "हे माझे वडील. लढाई सुरू झाली तेव्हा ते—"

शास्त्रींनी बोट वर केलं. शाळेत एकतीस वर्षं ते बोट आत्याने वर केलं होतं. स्वतःवर रोखलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"गोष्ट नंतर," ते म्हणाले. "आधी बूट."

"बूट?"

"बाई, प्रत्येक घरात एक गोष्ट असते आणि प्रत्येक गोष्टीत एक शूर माणूस असतो. ती एकदा कानात गेली की डोळे तेच बघायला लागतात. म्हणून मी आधी ऐकतच नाही. आणि खालून वर जातो. लोक चेहऱ्यापासून सुरू करतात, तिथेच फसतात. चेहरा काहीही सांगतो. बूट थापा मारत नाहीत."

भाच्याने आत्याकडे बघून भुवया उडवल्या. आत्याने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आपल्या कामात मुरलेला माणूस तिला चटकन ओळखू यायचा आणि अशा माणसासमोर ती आपोआप सरळ बसायची.

शास्त्री वाकले. भिंग बुटांवर ठेवलं आणि तिथेच राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग भिंग जेमतेम दोन बोटं वर सरकलं. मग थेट कोटाच्या बटणांवर गेलं आणि त्यांनी स्वतःशीच मान हलवली. उठून एक खण उघडला, त्यातून तीन जुने फोटो काढले आणि पत्ते मांडावेत तसे अप्पांच्या शेजारी मांडले.

"हा सुतार होता," ते म्हणाले. "हा बेकरीवाला. हा पोरगा सतरा वर्षांचा असेल-नसेल, बाही बघा, बोटांपर्यंत आलीये. आणि हे तुमचे वडील. चौघांचे कोट बघा. उजव्या रांगेतलं खालून चौथं बटण."

आत्याने भिंग घेतलं. चारही कोटांवर खालून चौथं बटण बाकीच्यांसारखं नव्हतं. साधं, चार भोकांचं, कुठल्याही शर्टाला लागेल असं.

"हा एकच कोट आहे," शास्त्री म्हणाले. "जुन्या बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या खुंटीवर टांगलेला असायचा. रजेवर आलेली पोरं तो घालून फोटो काढायची. या एका कोटाने शहराला निदान अकरा कप्तान दिलेत, मी मोजलेत. फौजेनेसुद्धा इतके दिले नसतील."

भाच्याचा पाय जमिनीवर दाबला गेला.

"म्हणजे ते कप्तान नव्हते?" आत्याने विचारलं.

"कप्तानाला वाकून नाडी बांधावी लागेल असे खिळे मारलेले बूट मिळत नव्हते. पायाला गुंडाळलेली ही पट्टी, हीसुद्धा शिपायाची. कोट कप्तानाचा, बूट शिपायाचे." मग त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "पण शिपाई होते, एवढं नक्की. कोट उसना मिळतो, बूट मिळत नाही. तो ज्याच्या त्याच्या पायालाच बसतो."

आत्याला ते शेवटचं वाक्य ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. तिला कुणीतरी भर वर्गात थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं. आयुष्यभर ती त्या चौकटीखाली बसून जेवली होती. लहानपणी पाढे चुकले की चौकटीतल्या कोटाकडे बघून पुन्हा म्हणायची. आणि तो कोट खुंटीवरचा!

आणि त्याच्याही मागून तिला दुसरं काही आठवलं. ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, भाच्याला तर नाहीच.

ती नऊ वर्षांची होती. शाळेत मुलींमध्ये बढाया चालल्या होत्या आणि एकीने विचारलं, तुझे वडील कप्तान ना, मग त्यांनी शत्रूची किती माणसं मारली? ती पळत घरी आली. अप्पा अंगणात सायकलची चेन साफ करत बसले होते. तिने विचारलं, किती? अप्पा म्हणाले, "एकही नाही." तिला वाटलं थट्टा करताहेत. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग ती पाय आपटून ओरडली, "म्हणजे तुम्ही भित्रे आहात!" अप्पा चेन पुसत राहिले. "असेन, बाळ," एवढंच म्हणाले. ती अकरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी भूक, शाळा, गृहपाठ यांत ते सगळं विरून गेलं, पण माफी काही मागितली गेली नाही. पुढे मागायची म्हणून राहिली आणि एक दिवस अप्पाच गेले.

गेली सदुसष्ट वर्षं तिने मनाशी एक हिशेब बसवला होता: कप्तान हुकूम देतो, मारणारे दुसरे असतात, म्हणून एकही नाही. त्यात भित्रेपणा कुठेच येत नव्हता. आता कप्तानच राहिला नाही. मग जो शिपाई होता आणि ज्याने एकही माणूस मारला नाही, तो लढाईत करत काय होता? दगडावर नाव कसलं घालायचं, हे तिला आज कळायला हवं होतं. शनिवारच्या मुदतीपेक्षाही तिला स्वतःला कळायला हवं होतं.

भाच्याने फोटो गोळा करायला घेतला. तिच्या कानाशी वाकून तो पुटपुटला, "आत्या, यांचा दाखला हवाय कुणाला? समितीच्या कारकुनाला हा फोटो दाखवू. तो काय बूट बघत बसणारेय? मी सगळ्यांना फोन करून ठेवलेत गं. कप्तान म्हणून सांगितलंय."

आत्या उठली. दारापर्यंत गेली.

"बाई," शास्त्री मागून म्हणाले, "दुसरा फोटो दाखवला नाहीत."

"कुठला दुसरा?"

"तुम्ही आल्यापासून तीनदा पर्सच्या कडीला हात लावलात. माझ्याकडे येणारे सगळे असंच करतात. देखणा फोटो टेबलावर ठेवतात आणि कामाचा पिशवीत."

आत्या चोरी पकडलेल्या पोरासारखी उभी राहिली. मग येऊन परत खुर्चीत बसली आणि पर्स उघडली.

फोटो पत्त्याएवढा होता, एक कोपरा मुडपलेला. त्यात अप्पा एका तुटक्या भिंतीला टेकून उभे होते. चुरगळलेला गणवेश, दाढी वाढलेली, हातात बंदूक नाही, कमरेला दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन बाटल्या. आत्याच्या आईने तो कपाटाच्या तळाशी, अंथरलेल्या कागदाखाली सारला होता. "पाणक्यासारखे दिसताहेत," ती म्हणायची, "लोकांना काय दाखवायचं हे?" आई गेल्यावर तो आत्याला सापडला आणि तिनेही तिथेच ठेवला. अख्ख्या घराने मिळून खोटा फोटो सोनेरी खिळ्यावर टांगला होता आणि खरा कागदाखाली दाबला होता.

शास्त्रींनी भिंग बुटांवर ठेवलं. मग बाटल्यांवर. मग बाहीवर. मग त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत लावला आणि पुन्हा बुटांपासून सुरुवात केली. या खेपेला त्यांना वेळ लागला. भाचा चुळबुळ करू लागला तसं आत्याने न बघता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दोन बाटल्या," शास्त्री अखेर म्हणाले. "शिपायाला एक मिळायची. कोठारातून दुसरी घ्यायची तर सही लागायची, आणि ती सही फक्त एका कामाच्या माणसांना मिळायची. एक बाटली स्वतःची, एक दुसऱ्याची."

"पाणक्यांना," भाचा म्हणाला.

"गप्प बसा हो जरा." शास्त्रींनी फोटो आत्यापुढे सरकवला. "दंडावरची पट्टी दिसते? पुसट अक्षरं आहेत. रेड क्रॉसची पट्टी असती तर मी म्हटलं असतं, मागच्या दवाखान्याच्या तंबूतले. ही अक्षरांची आहे. ही माणसं पलटणीबरोबर थेट पुढे जायची. आता खांदे बघा. बाकीचं कापड मळकं आणि खांद्यांवर चकाकतंय. पट्टा घासून घासून कापडाची लव गेलीये. बंदुकीचा पट्टा एका खांद्याला असतो. हे दोन्ही खांद्यांवर आहे, अगदी सारखं. असा पट्टा स्ट्रेचरच्या दांड्यांना असतो. बाई, तुमचे वडील स्ट्रेचर उचलायचे. पुढे जाऊन जखमींना उचलून आणायचं, हे त्यांचं काम."

आत्याने भिंग घेऊन ते खांदे पाहिले.

"टोपीवर शिंगाचा बिल्ला आहे, म्हणजे शिंगवाली पलटण. ती नदीवरच्या लढाईत होती. त्या पलटणीत स्ट्रेचरच्या आठ जोड्या होत्या. लढाई संपली तेव्हा एक जोडी उरली होती." त्यांनी खणातून कापसावरची एक छोटी, उभी, पितळी पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. "आणि ही बघा. फोटोत डाव्या मनगटाजवळ अशा दोन आहेत. एका जखमेला एक. दोनदा जखमी झाले. दुसऱ्या जखमेनंतर घरी जायची चिठ्ठी मिळायची, मागितली की लगेच. आता नीट बघा. दोन्ही पट्ट्या बाहीवर आहेत, आणि काम करणाऱ्याची पट्टी अजून दंडावर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे चिठ्ठी घेतली नाही. परत गेले."

 रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि भाच्याचं तिकडे लक्षही गेलं नाही. एरवी तो खिडकीतून ओरडला असता.

"मी त्यांना भित्रा म्हटलं होतं," आत्या म्हणाली. तिने सांगायचं ठरवलं नव्हतं, ते आपोआप बाहेर आलं. "नऊ वर्षांची होते. किती मारले विचारलं. म्हणाले, एकही नाही."

बटणशास्त्रींना राग आला. खरोखरचा, कान लाल होण्याइतका. पण तो तिच्यावर नव्हता, जगातल्या सगळ्या चौकटींवर आणि झालरींवर होता.

"बाई, बंदूकवाला पुढे धावतो. धावता येतं त्याला, आणि हातात काहीतरी असतं. या माणसाचे दोन्ही हात दांड्यांना धरलेले. आणि स्ट्रेचर घेऊन धावता येत नाही, धावलं तर वरचा माणूस पडतो. चालावं लागतं. सगळे चहूकडून गोळ्या झाडताहेत आणि हे आपले पाऊल सांभाळत चालताहेत. मी चौतीस वर्षं पदकं हाताळली, किलोने हाताळली. पण खांद्यावर असं घासलेलं कापड आलं की मी ते धुवायला टाकत नसे. उभा राहायचो क्षणभर."

आत्या रडली. रुमाल न काढता, सरळ बसून, एखादं काम करावं तशी रडली. शास्त्रींनी तिला रडू दिलं, आणि मधल्या वेळात मोठा फोटो पुन्हा पुढे ओढला. आता कुठे त्यांनी विचारलं, "हां, आता सांगा गोष्ट. वडिलांचा डावा हात कसा होता?"

"डावा? दोन बोटं वळायची नाहीत. दारात सापडली होती म्हणायचे."

"तरीच. खुर्चीमागचा हात बघा. कोटाच्या बाहीतून पांढरं डोकावतंय. मघाशी मी शर्टाचा कफ म्हणून सोडून दिलं, चूक झाली माझी. शिपायांच्या शर्टाला कफ नसायचाच, हे मी कोठारात हजार वेळा पाहिलंय. तरी कोटाच्या नादात माझेही डोळे फसले. ते बँडेज आहे. मागे स्टुडिओचा शिक्का आहे, महिना नदीच्या लढाईच्या आधीचा. म्हणजे पहिली जखम. हा फोटो त्यांनी कुणासाठी काढला?"

"आजीसाठी," आत्या सावकाश म्हणाली. "ती तेव्हा गावी होती, टपालाने आला होता. आजी सांगायची, हा फोटो आला त्या दिवशी तिला कित्येक महिन्यांनी झोप लागली." ती थांबली. तिला सगळं एकदमच दिसलं. रक्ताने माखलेल्या गणवेशात आईला फोटो कसा पाठवायचा? खुंटीवर एक धडधाकट कोट होता. हात खुर्चीमागे घेतला की झालं. मग म्हातारीने गावभर कप्तान कप्तान केलं, आणि आईच्या तोंडचं कौतुक खोडून काढणारा हा मुलगा नव्हता. पुढे बायकोने तेच ऐकलं, मुलांनी तेच ऐकलं. अप्पा एकदाही मी कप्तान होतो असं म्हणाले नव्हते. तिने आठवून आठवून पाहिलं. एकदाही नाही.

शास्त्रींनी दाखला लिहिला. दौतीत टाक बुडवून, एक अक्षर दुसऱ्याला न चिकटवता. आत्याला ते अक्षर आवडलं.

 घरी गाडी लावल्यावर भाचा म्हणाला, "मोठा फोटो परत लावायचा ना भिंतीवर?"

"लावायचा," आत्या म्हणाली. "आईला फसवायला काढलेला फोटो आहे, चांगला आहे तो. पण त्याच्याशेजारी हा लागेल. आणि हा आधी."

शुक्रवारी दोघं समितीच्या कचेरीत गेले. कारकून तिशीचा, हसरा, टेबलावर अर्जांचा ढीग. भाच्याने सवयीने मोठा फोटोही बरोबर आणला होता. तो दिसताच कारकुनाचा चेहरा खुलला.

"वा! कप्तान! अहो मग तुमचं नाव सगळ्यात वरती. अधिकाऱ्यांची नावं मोठ्या सोनेरी अक्षरांत आहेत, फक्त सहाच आलीत आतापर्यंत. समजा झालंच काम."

भाच्याचा पाय जमिनीवर दाबला गेला. आत्याने तो पाहिला. पण या वेळी ब्रेक त्याने स्वतःलाच लावला होता. त्याने मोठा फोटो उलटा करून खाली ठेवला.

"कप्तान नव्हते," तो म्हणाला. "आत्या, तो दे."

आत्याने छोटा फोटो आणि दाखला पुढे केला. कारकुनाने वाचलं, फोटो पाहिला, परत वाचलं. त्याला वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. "मग खालच्या यादीत जाईल हो. बारीक अक्षरांत, बाकीच्यांबरोबर. बघा, विचार करा. मी काही विचारत नाही."

"बाकीच्यांबरोबरच घाला," आत्या म्हणाली. "त्यांच्याबरोबरच होते ते."

कारकून अर्ज भरायला लागला. नाव तिने सांगितलं. पलटण सांगितली.

"हुद्दा?"

"शिपाई. काम, स्ट्रेचर उचलणं."

"शस्त्र?"

"नव्हतं."

कारकुनाने रेघ मारली. "जखमी?"

"दोनदा."

"दुसऱ्यांदा कधी? म्हणजे, त्यानंतर घरी आले?"

"नाही. परत गेले."

कारकुनाने पेन थांबवलं. हे काही अर्जात नव्हतं. त्याने आपलं सहज विचारलं, माणूस माणसाला विचारतो तसं. "बंदूक नाही, दोनदा जखमी झाले, घरी यायची मुभा होती. मग परत कशाला गेले?"

आत्या म्हणाली, "उरलेल्यांना आणायला."

 कारकुनाने मान खाली घातली आणि ते लिहायला लागला. रकाना नव्हता म्हणून समासात, आडवं.

आत्या टेबलावर वाकली. "अक्षर नीट काढा," ती म्हणाली. "माझ्या वडिलांबद्दल आहे."